सेकंडहँड गाडी बघायला जाताय? आधी पॉलिसीची पीडीएफ मागवा

भाच्याने पहिली गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा एकाच संध्याकाळी त्याने मला अकरा गाड्यांचे फोटो पाठवले. सगळ्या चकाचक, सगळ्यांखाली तेच: सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, एकही अ‍ॅक्सिडेंट नाही. (जाहिराती वाचून वाटतं, आपल्याकडचे निम्मे डॉक्टर गाड्या विकण्याच्याच उद्योगात आहेत.) बजेट तीन लाख, नोकरी पुण्यात, महिन्यातून एकदा साताऱ्याला घरी फेरी. मी त्याला एवढंच कळवलं की फोटो पुरे झाले, आता प्रत्येकाकडून चालू इन्शुरन्स पॉलिसीची पीडीएफ मागव. अकरापैकी पाच जणांनी पाठवली. बाकीचे "या तर खरं, गाडी बघा, कागद कुठे पळतायत" म्हणत राहिले. पेट्रोल न जाळता यादी निम्म्याहून खाली आली.

विमा म्हणजे गाडी घेतल्यावर करायचं शेवटचं किचकट काम, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. मी उलटं करतो. दर वर्षी खिशातून किती जाणार हेही त्या कागदावरून कळतं, आणि गाडीवर आधी काय गुदरलंय याचा थोडा वासही तिथेच लागतो.

आधी सीसी बघा

थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा, कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेले खासगी कारचे वार्षिक दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये आणि १५०० च्या वर ७,८९७ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे हातात पडणारे आकडे साधारण २,४७१, ४,०३१ आणि ९,३१८. घेण्याआधी चालू दर एकदा तपासा, पण तीन पायऱ्यांची ही शिडी लक्षात ठेवा.

आता शेजारी शेजारी दोन गाड्या ठेवा. वॅगनआरचं एक लिटरचं इंजिन ९९८ सीसीचं, सँट्रोचं १०८६ सीसीचं. चालवताना फार फरक जाणवणार नाही, पण सँट्रो वरच्या पायरीवर गेली. २०१० च्या आधीची जुनी वॅगनआरही १०६१ सीसीची आहे, म्हणजे तीही वर. स्विफ्ट, बलेनो, टियागो, ग्रँड आय-१० यांची पेट्रोल इंजिनं १२०० च्या आसपास, मधल्या पायरीवर. होंडा सिटी १४९७ सीसीची, थोडक्यात वाचून मधेच राहते.

खरा फटका तिसऱ्या पायरीवर बसतो. दहा-बारा वर्षं जुनी कोरोला अल्टिस आज एखाद्या बऱ्या हॅचबॅकच्या भावात मिळते. बसायला राजेशाही. पण पेट्रोल इंजिन १८०० सीसीचं, त्यामुळे नुसता थर्ड पार्टीचाच हप्ता वॅगनआरपेक्षा वर्षाला ६,८०० रुपयांहून जास्त. पाच वर्षांत चौतीस हजार, तेही एक ओरखडासुद्धा भरून न मिळता. जुनी स्कॉर्पिओ, एक्सयूव्ही ५००, इनोव्हा यांचंही तेच. कुटुंब मोठं असेल तर जरूर घ्या, पण हिशोब करून घ्या.

आपल्याकडे हप्ता मुख्यतः गाडीवर ठरतो, चालवणारा बावीस वर्षांचा आहे की पन्नाशीचा यावर फारसा नाही. त्यामुळे नवशिक्याने "माझा विमा महाग येईल का?" ही काळजी सोडावी आणि गाडी कोणती घेतोय याची करावी.

पॉलिसी वाचायची कशी

पहिल्या पानावरचा तक्ता पुरतो. नोंदणी क्रमांक, इंजिन आणि चेसिस नंबर, सीसी, उत्पादनाचं वर्ष हे आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राशी, जुळवा. "मॉडेल २०१९" म्हणून सांगितलेली गाडी बनलेली २०१८ ची आणि पासिंग २०१९ चं, हे सर्रास होतं. फसवणूकच असते असं नाही, पण भाव करायला मुद्दा मिळतो.

मग तीन ठिकाणी थांबा.

पहिलं म्हणजे आयडीव्ही, गाडीचं विम्यापुरतं मूल्य. गाडी चोरीला गेली किंवा पार चेपली तर मिळणारी रक्कम याच आकड्यावर बेततात. ठरलेला घसारा असा: एक वर्षानंतर २० टक्के, दोननंतर ३०, तीननंतर ४०, चारनंतर ५०. पाच वर्षांपुढे कंपनी आणि मालक मिळून आकडा ठरवतात. विकणारा साडेतीन लाख सांगतोय आणि त्याच्याच पॉलिसीवर आयडीव्ही दोन लाख वीस हजार आहे, तर मधल्या एक लाख तीस हजारांना विम्याचं छत्र नाही. बाजारभाव आयडीव्हीपेक्षा थोडा वर असणारच, पण एवढी दरी दिसली की मी शांतपणे त्या आकड्यावर बोट ठेवतो आणि गप्प बसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरून नव्या गाड्याच स्वस्त झाल्या, त्यामुळे "मी नवीन घेतली तेव्हा सात लाखांना पडली होती" हे पालुपद आता मनावर घेऊ नका. आजचा शोरूमचा भाव विचारून या आणि तिथून खाली उतरा.

दुसरं, नो क्लेम बोनस. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीचं नुकसान भरून देणाऱ्या भागाच्या) हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. क्लेम केला की पुन्हा शून्य. म्हणजे सात वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर हा रकाना शून्य दाखवतोय, तर थेट विचारा: "गेल्या वर्षी क्लेम कशाचा होता?" खरं उत्तर "पार्किंगमध्ये मागून ठोकली" असंही असू शकतं. तोंडाने "एकही ठोकर नाही" आणि कागदावर शून्य, असं असेल तर पुढची गाडी बघा. मात्र बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या गाडीवरून आणलेलाही असू शकतो, आणि मालक बदलला की मोजणी पहिल्यापासून. पस्तीस टक्के दिसले तर ते आताच्या मालकाबद्दल सांगतात, त्याच्या आधीच्याबद्दल नाही.

तिसरं, बोजा आणि सीएनजी. कर्ज असेल तर बँकेचं नाव पॉलिसीवर आणि आरसीवर दिसतं. "कर्ज फिटलंय, फक्त नाव काढायचं राहिलंय" असं म्हणणाऱ्याला बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ दाखवायला सांगा. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं आणि पॉलिसीतही दाखवलेलं हवं. तसं नसेल तर क्लेमच्या वेळी नुकसान तपासणारा सर्व्हेअर डिकी उघडतो, सिलिंडर बघतो, आणि तिथेच गाडं अडतं.

पॉलिसी संपून आठ महिने झालेली गाडीही समोर येते. नुसती उभी होती का, कुठे ठोकली गेली होती का, हे विचारा. नवी पॉलिसी देण्याआधी कंपनी गाडीची तपासणी करते, आणि विमा नसताना रस्त्यावर सापडलात तर पहिल्या खेपेला २,००० रुपये दंड. दंड त्या मानाने काहीच नाही, अपघातात कोणाला इजा झाली तर भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. म्हणून अशी गाडी विमा उतरवल्याशिवाय घरी चालवत आणू नका.

आता गाडीकडे

एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की कितवा मालक, बोजा, विम्याची मुदत, पीयूसी हे दिसतं. थकलेली ई-चलनं वेगळी बघा, पंधरा-वीस हजारांची चलनं साचलेल्या गाड्याही असतात. नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, किंवा मालकालाच सर्व्हिस हिस्ट्री काढून आणायला सांगा. प्रत्येक सर्व्हिसला लिहिलेलं किलोमीटर चढत गेलेलं हवं. ६८,००० नंतर ४१,००० दिसलं तर मीटर मागे फिरवलंय, आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघायची. "तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली" असं कोणी म्हणालं तर चहा घ्या, तासभर थांबा, किंवा दुसऱ्या दिवशी या. बॉनेटवर हात ठेवून बघायचा, मगच सेल्फ मारायचा. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा, न थांबणारा धूर आणि कूलंट कमी, म्हणजे हेड गॅस्केटची शंका. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी खोललेत. काचांच्या कोपऱ्यात उत्पादनाचं वर्ष असतं, एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर कारण विचारा. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सात वर्षांचे टायर कितीही काळेभोर दिसले तरी बदलायचेच, तेव्हा तो खर्च भावातून वजा करा. मुंबईच्या गाड्यांचं रनिंग कमी असतं, पण ट्रॅफिकमध्ये क्लच झिजलेला असतो. कोकणातली गाडी असेल तर जॅकवर चढवून खालून गंज बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

सगळ्यात जास्त भीती मला पुराच्या गाडीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला किती गाड्या पाण्यात बुडाल्या ते आपण सगळ्यांनी बघितलं. त्यातल्या कित्येक धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या असणार. भाच्याच्या यादीतली एक गाडी २०१७ ची होती, तिसरा मालक, पॉलिसीवर पस्तीस टक्के बोनस, आयडीव्हीही ठीक. रंग सुरेख, आतून नवी सीट कव्हरं, आरशाला लिंबाच्या वासाचं अत्तर टांगलेलं. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढायला लागलो. माणूस बांधतो तेवढा हातभर पट्टा स्वच्छ होता. मी पार शेवटपर्यंत, पुढे येईना होईपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर आडवी, तांबूस मातीची रेघ होती, चहाच्या कपाच्या आत डाग राहतो तशी. भाच्याने सीट पुढे सरकवली तर खालच्या पट्ट्यांना गंज. स्टेपनी उचलली, तिच्या खालच्या खोलगट जागेत बोटाला बारीक गाळ लागला. विकणारे गृहस्थ म्हणाले, "अहो, पावसाळ्यात चिखलाचे बूट येतातच की." सीटबेल्टच्या गुंडाळीत बूट कसा जाणार, हे विचारायच्या फंदात आम्ही पडलो नाही. नमस्कार केला आणि निघालो.

अशी गाडी आज चालते. दीड-दोन वर्षांनी वायरिंगची कनेक्शनं एकेक करून दगा द्यायला लागतात, आणि गंजलेलं वायरिंग हा अपघात नव्हे, त्याला विमा मिळत नाही.

कार्पेट उचलून बघा, हेडलाइटच्या आत पाण्याची रेषा आहे का बघा. शेवटी पाचशे-हजार रुपये देऊन ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या, मात्र तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

कोणती घ्यावी

माझं मत विचाराल तर चार ते सात वर्षांची, १२०० सीसीच्या आतली, पेट्रोलवरची, रस्त्यावर भरपूर दिसणारी गाडी. भरपूर दिसणारी का, तर तिचे भाग कुठेही आणि स्वस्त मिळतात. आवडलेल्या मॉडेलचा पुढचा बंपर, हेडलाइट आणि पुढची काच यांचे भाव स्पेअर पार्टच्या दुकानात विचारून या. दहा मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही. शेव्हर्लेने २०१७ मध्ये भारतात विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या गाड्या दणकट असतील आणि भावही पडलेले आहेत, तरी पहिली गाडी म्हणून मी त्या सुचवणार नाही. आयडीव्ही कमी आणि भाग महाग, अशा गाडीचा दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी तिला टोटल लॉस ठरवते. मध्यम अपघातातसुद्धा गाडी हातची जाते.

दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या ऑनलाइन फार स्वस्त दिसतात. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून त्या बाहेर पडल्या. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे कायमची आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स नव्याने, वर हेलपाटे. पहिल्या गाडीला हा उद्योग नकोच.

हप्त्याचा हिशोब, तुमच्या नावाने

विकणारा सांगतो, "वर्षाला पावणेनऊ हजारांत विमा होतो." तो खोटं बोलत नाही, पण तो त्याचा हप्ता आहे. समजा मधल्या पायरीवरची गाडी आहे आणि ओन डॅमेजचा हप्ता ८,००० येतो. त्याला ५० टक्के बोनस, म्हणजे ४,०००. थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळवून, जीएसटी धरून ८,७५१. तुमच्याकडे बोनस नाही, तुम्हाला ११,४१६ वर जीएसटी, म्हणजे १३,४७१. वर मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा, तो तुमच्याकडे आधीच असेल तर पुन्हा घ्यायची गरज नाही.

तुमची जुनी गाडी विकून ही घेताय, तर जुन्या विमा कंपनीकडून बोनसचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या पॉलिसीला लावता येतं. हे माहीत नसल्यामुळे लोक हक्काची सूट सोडून देतात.

झिरो डेप, म्हणजे भागांचा घसारा न कापता भरपाई देणारं जादा कव्हर, घ्यावं का? पाच वर्षांच्या आतली गाडी आणि नवखा ड्रायव्हर असेल तर घ्याच. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांतून ४० टक्के कापतात. सहा हजारांचा बंपर बदलला तर तीन हजार तुमचे, शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे सक्तीचे एक हजार. गाडी जुनी असेल तर झिरो डेप देतात की नाही हे कंपनीगणिक बदलतं. इंजिन प्रोटेक्शन सखल भागात राहणाऱ्यांनी घ्यावं. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मात्र मारू नका. पाणी आत ओढून इंजिन फुटतं आणि साध्या पॉलिसीत तो क्लेम नाकारतात.

पैसे देण्याच्या दिवशी

इसार म्हणून पाच-दहा हजारांच्या वर देऊ नका, आणि तेही बँकेतून. उरलेले पैसे देताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सही, आरसी, पीयूसी, पॉलिसी, दुसरी किल्ली आणि बोजा असल्यास फॉर्म ३५ हातात आलं पाहिजे. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसलेली हवी, नाहीतर आरटीओचं काम अडतं. दिवस आणि वेळ घालून डिलिव्हरी नोट लिहा, दोघांनी सही करा. त्या वेळेनंतरची चलनं तुमची.

मग विम्याचं काम, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करायचा अर्ज विमा कंपनीला द्यायचा असतो. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने गाडीबरोबर तुमच्याकडे येतं, पण ओन डॅमेजचं आपोआप येत नाही. गाडी तुमची आणि पॉलिसी जुन्या मालकाची, अशा अवस्थेत ठोकली तर कंपनी क्लेम नाकारू शकते: ज्याची पॉलिसी त्याची गाडी नाही, ज्याची गाडी त्याची पॉलिसी नाही. बदलाच्या वेळी जुन्या मालकाच्या बोनसचा उरलेल्या महिन्यांचा फरक तुमच्याकडून घेतात, तो द्यायचा. पॉलिसीचे दोनच महिने उरले असतील तर मी सरळ आपल्या नावाने नवी घेतो.

गाडी नावावर करायचा आरटीओचा अर्ज तुम्ही ३० दिवसांत करायचा. विकणाऱ्यानेही मागे लागावं, कारण २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, आणि अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात.

भाच्याने शेवटी ९९८ सीसीची, पाच वर्षांची वॅगनआर घेतली. दुसरा मालक, सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावलेली, डाव्या मागच्या दारावर ओरखडा. ओरखड्याचे चार हजार भावातून कमी करून घेतले आणि तो तसाच ठेवला. चौदावा दिवस त्याने मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकला होता, अर्ज अकराव्या दिवशीच गेला. आता नवी आरसी आली की तिची प्रत विमा कंपनीला पाठवायची आहे, आणि पुढचे टायर दिवाळीआधी बदलायचे आहेत.